‘विस्मृतीत जाणे’ : योग्य प्रयोग

इंग्रजीतील ‘फॉल इन्टू ऑब्लिव्हियन’चे ‘विस्मृतीत पडणे’ असे शब्दशः भाषांतर विद्यार्थ्यांस करू देऊ नये. मराठीत माणूस विस्मृतीत जातो. पडतो तो विस्मृतीच्या गर्तेत. ‘काळाच्या पडद्याआड जाणे’ हाही त्याचा पर्याय नव्हे. माणसाविषयी त्याचा अर्थ निधन पावणे.

पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८८३ साली एडन येथे बंदिवासात काळाच्या पडद्याआड गेले, हे विधान यथार्थ आहे. ‘ते विस्मृतीत गेले’ हे मात्र असत्य होय. शिरढोणला त्यांचे स्मारक आहे. १९८४ साली त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले.

विद्यार्थ्याने हा वाक्प्रचार योजिल्यास ‘यांचे स्मरण आज कोणी करते काय?’ असे वर्गास विचारावे. उत्तर होकारार्थी आल्यास वाक्य त्याच्याच हातून सुधारून घ्यावे.