उतारवयातील देह आणि बुद्धी

(देवस्थानच्या अग्रशाळेत महाजनांपुढे केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे, शास्त्रज्ञही नव्हे. सारी हयात सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात घालविलेला, साठी ओलांडलेला एक सेवानिवृत्त कारकून आहे. तरीही हा विषय मी स्वतः मागून घेतला. त्यामागे माझ्या घरची एक चूक आहे आणि ती या सभेपुढे सांगणे माझ्यावर ऋण आहे.

प्रथम देहाकडे पाहू. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते व जवळचे अक्षर दिसेनासे होते. चष्म्याने ते भागते. परंतु वयाबरोबर बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विशीतल्या तरुणाच्या मानाने साठीच्या माणसाच्या नेत्रपटलावर सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. समईच्या उजेडात वृद्धाला पायरी दिसली नाही, तर तो त्याचा वेंधळेपणा नव्हे. कानांचेही तसेच. उंच पट्टीचे ध्वनी आधी हरपतात. स, श, फ यांसारखी व्यंजने पुसट होतात. म्हणून ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ अशी वृद्धांची तक्रार असते. स्नायूंचे बळ ओसरते, हाडे ठिसूळ होतात, तहानेची जाणीवही मंदावते. जत्रेच्या उन्हात उभ्या असलेल्या वृद्धाला तहान लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे, ते याचसाठी.

आता बुद्धीविषयी. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञाने बुद्धीचे दोन प्रकार सांगितले. त्यांना आपण प्रवाही आणि संचित म्हणू. नवे कोडे झटपट सोडविणारी प्रवाही बुद्धी तारुण्यानंतर हळूहळू उतरणीस लागते. शब्दसंपत्ती व अनुभवाचे ज्ञान ही संचित बुद्धी मात्र उतारवयातही दीर्घकाळ टिकते. लिसेवमध्ये घोकलेली पोर्तुगीज क्रियापदांची रूपे मी आजही न अडखळता म्हणून दाखवीन. परंतु गेल्या जत्रेत ओळख करून दिलेल्या जावईबापूंचे नाव मला आठवत नाही. परवा उत्सवाचा जमाखर्च उतरविताना ७५० चे ५७० झाले. म्हणून आता प्रत्येक बेरीज मी दोनदा करतो. यात लज्जा वाटण्याजोगे काही नाही.

मात्र वार्धक्य निराळे आणि रोग निराळा. पाहुण्याचे नाव विसरावे आणि रात्री अंथरुणावर ते आठवावे, हे वयाचे लक्षण. नित्याच्या वाटेवर चुकणे, एकच प्रश्न घटकेत चारदा विचारणे, जन्मभर केलेला हिशेब न जमणे, ही रोगाची चिन्हे असू शकतात. त्यांतील एका रोगाचे वर्णन जर्मन वैद्य अलॉइस आल्झायमर यांनी १९०६ साली केले व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. परंतु ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, मनाची खिन्नता यांमुळेही स्मृती ढासळते आणि त्यांवर उपचार आहेत. म्हणूनच वैद्याकडे लवकर जावयाचे.

आम्ही गेलो नाही. माझे वडीलबंधू या देवस्थानचे खजिनदार होते. एका पालखीच्या रात्री परतताना त्यांनी मला विचारले, “आपले घर कोणत्या बाजूला रे?” मी हसलो. पुढे त्यांच्या वहीत चुका होऊ लागल्या. घराण्याचे नाव जाऊ नये म्हणून दोन वर्षे मी त्या रात्री बसून दुरुस्त केल्या. अखेर एके वर्षी रक्कम कमी भरली. सभेत कुजबुज झाली. दादांना उत्तर देता आले नाही आणि मला ठाऊक असूनही मी गप्प राहिलो. पुढे ती रक्कम आमच्या देवघरात, पोथीच्या रुमालात जशीच्या तशी सापडली. आम्ही ती मुकाट्याने भरली, पण कारण सांगितले नाही. दादा पुन्हा या देवळाची पायरी चढले नाहीत. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले तेव्हा फार उशीर झाला होता. आज ते हयात नाहीत. म्हणून त्यांच्या वतीने मी सांगतो: माझ्या भावाने देवाची एक पैही घेतली नाही. त्यांची बुद्धी आजारी होती आणि आमची भित्री.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाला हातभार लावणारी, टाळता येण्याजोगी चौदा कारणे सांगितली. त्यांत रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, उपचार न झालेले दृष्टिदोष आणि एकाकीपणाही आहेत. ही सारी कारणे दूर करता आली, तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतील, असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा श्रवणयंत्र लावण्यास संकोच करू नका आणि घरातील वृद्धांना सभासमारंभांतून वगळू नका.

समितीस माझ्या दोन विनंत्या आहेत. पायऱ्यांना कठडा व पुरेसा दिवा असावा. आणि जमाखर्चाच्या वहीवर एका वडीलधाऱ्या महाजनाबरोबर एका तरुणाचीही सही असावी. हा अविश्वास नव्हे. दादांपाशी असा एक तरुण असता तर त्यांची लाज राखली गेली असती.

श्रीचरणी सर्वांस आयुरारोग्य मागून आपली रजा घेतो.