ड्युरंड म्हणजे सराव नव्हे

मी फौजेतून निवृत्त झालो आणि आता कोलकात्यात सॉल्ट लेकला राहतो. इथे ऑगस्ट उजाडला की पाऊस, चिखल आणि ड्युरंड कप.

फुटबॉलचा मोसम सुरू होण्याआधीची ही स्पर्धा. आधी गट, मग बाद फेरी. हरलात की सामान बांधा. 1888 साली शिमल्याकडे ब्रिटिश पलटणींसाठी ती सुरू झाली. 1940 मध्ये दिल्लीत मोहमेडन स्पोर्टिंगने गोऱ्यांच्या पलटणीला हरवलं आणि कप पहिल्यांदा भारतीय क्लबकडे आला. आपल्या मुंबईच्या महिंद्रानेही तो जिंकलाय. 2019 पासून स्पर्धा कोलकात्यात आहे, आयोजन लष्कराच्या पूर्व विभागाचं. त्यांचं मुख्यालय फोर्ट विल्यममध्ये. त्याचं नाव आता विजय दुर्ग, आपल्या सिंधुदुर्गातल्या किल्ल्यावरून! मराठी माणसाला बरं वाटतंच.

काही मोठे क्लब या स्पर्धेला सराव समजतात, राखीव पोरं उतरवतात. मला ते खटकतं. कारण समोर कधी फौजेचा संघ असतो. तिथे परदेशी खेळाडू नाही, सगळे गणवेशातले जवान. 2023 आणि 2024, दोन्ही वर्षी ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले आणि दोन्ही वेळा नॉर्थईस्ट युनायटेडकडून हरले. व्यावसायिक क्लबांशी भिडायची अशी संधी त्यांना वर्षात कितीदा मिळते?

2024 च्या ऑगस्टचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आर. जी. कर रुग्णालयात तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला होता, शहर पेटलेलं होतं. 18 तारखेला इथे सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल होणार होता. सुरक्षेचं कारण देऊन सामना रद्द झाला, दोघांना एकेक गुण. बंदोबस्ताचं गणित मला कळतं, आयुष्य त्यातच गेलं. तरीही तो निर्णय मला पटला नाही. गर्दी टाळायची म्हणून सामना टाळला, आणि गर्दी स्टेडियमबाहेर जमलीच. हिरवी-मरून जर्सी आणि लाल-पिवळी जर्सी खांद्याला खांदा लावून उभी, मागणी एकच, त्या मुलीला न्याय. एरवी या दोन बाजू ईलिश मोठा की चिंगडी, यावरूनही भांडतात हो.

या दोघांचे उपांत्यपूर्व सामने शहराबाहेर गेले. ईस्ट बंगाल शिलाँगमध्ये तिथल्याच लाजाँगकडून हरून बाहेर पडला. मोहन बागान जमशेदपूरला पंजाबशी पेनल्टीवर कसाबसा वाचला. मग उपांत्य फेरीला मोहन बागान सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर परतला. 31 ऑगस्टच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला मोहन बागान 2-0 ने पुढे. नॉर्थईस्टने दोन्ही गोल फेडले आणि पेनल्टीवर 4-3 ने कप नेला. त्यांच्या क्लबचा तो पहिलाच मोठा करंडक. पुढच्या वर्षी इथेच येऊन, डायमंड हार्बरला 6-1 ने हरवून, त्यांनी तो राखलासुद्धा.