शिंजिराचे बिऱ्हाड

आमच्या परसात कपडे वाळत घालण्याची एक तार आहे. गेल्या वर्षी मार्च आणि एप्रिल महिन्यांत सुमारे पाच आठवडे त्या तारेवर आम्ही एकही कपडा घातला नाही. चादरी गच्चीवर नेल्या, रुमाल खिडकीच्या गजांना बांधले. शेजारच्या तेलुगू अम्मांनी कारण विचारले, तेव्हा आईने तारेच्या टोकाकडे बोट दाखवले. तेथे कचऱ्याची एक गुंडी लोंबत होती. पाहणाऱ्यास ती कचऱ्याचीच वाटावी, अशी तिची रचना होती. त्या गुंडीत बिऱ्हाड करणाऱ्या पाखराची हकिगत मी आज आपणांस सांगणार आहे.

हैदराबादेतील बरकतपुऱ्यात आमचे जुने, बैठे घर आहे. वडील रेल्वेत नोकरीस होते. काचीगुडा स्टेशन जवळ पडते म्हणून त्यांनी ही जागा घेतली. आई मूळची वसईची. वाडीत वाढलेल्या माणसाला झाडावाचून करमत नाही, म्हणून तिने परसात दोन केळी, एक शेवगा, एक डाळिंब आणि जास्वंदीची चार झुडपे लावली. मी शाळेत शिकवते. पाखरांचे शास्त्र मी कोठे शिकलेले नाही. पाहता पाहता आणि चुका करता करता जे समजले, तेवढेच माझे ज्ञान.

त्यांतील पहिली चूक चार वर्षांपूर्वीची. ईस्टर तोंडावर आला होता आणि आमच्या घरी सालाबादप्रमाणे झाडलोट चालली होती. मागच्या पत्र्याखाली कोळ्यांनी जाळी धरली होती. मी लांब दांड्याची केरसुणी घेतली आणि कोपरान् कोपरा साफ केला. जाळ्यांबरोबर वाळक्या पानांची, सालींची एक लोंबती पुरचुंडी खाली आली. ती सुपात भरताना आतून काही ओघळले. करंगळीच्या पेराएवढी दोन अंडी होती ती. एक फुटले होते, दुसऱ्याला चीर गेली होती. थोड्याच वेळात एक पिवळसर पोटाची इवलीशी पाखरी आली. चोचीत कसलासा कापूस होता. जेथे घरटे होते त्या रिकाम्या जागेपाशी ती पंख फडफडवीत राहिली, जास्वंदीवर बसली, पुन्हा आली. दुपारपर्यंत तिच्या खेपा चालल्या होत्या. त्या वर्षीच्या सणाचे गोडधोड माझ्या घशाखाली नीट उतरले नाही.

आईने ते पाखरू ओळखले. "अगं, केळफुलावर येतं ना, तेच हे," ती म्हणाली. पुस्तकात शोधल्यावर नाव मिळाले : शिंजीर. काही जण त्याला सूर्यपक्षी म्हणतात. आमच्याकडे आला तो जांभळा शिंजीर. याचा नर सावलीत काळा दिसतो. पण उन्हाची तिरीप पडली की निळ्याजांभळ्या रेशमासारखा झळकतो. लांबी वीतभरही नाही, चोच बारीक आणि खाली वाकलेली. त्याचाच एक भाऊबंद, जांभळ्या पाठीचा शिंजीर, हाही हैदराबादेत दिसतो. त्याचे पोट पिवळे असते.

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत न्यू जर्सी येथे असतो. फोनवर त्याला ही हकिगत सांगितली. तो म्हणाला, "ताई, मी तुला एक बाटली पाठवतो. आमच्या अंगणात तिच्यावर हमिंगबर्ड येतात." वर काचेची बाटली आणि खाली प्लास्टिकची लाल फुले, अशी ती वस्तू. आत साखरेचे पाणी भरायचे. त्याच्याकडे येणारा हमिंगबर्ड लाल गळ्याचा असतो. वजन तीन ग्रॅमच्या आसपास. तरीही हा जीव हिवाळा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत काढतो आणि वसंतात हजारो मैल उडून उत्तरेस परततो. सेकंदाला पन्नासएक वेळा पंख हलवीत तो हवेत एका जागी स्थिर राहतो आणि मागेही उडू शकतो. पंखांच्या गुणगुणण्यावरूनच त्याला हे नाव पडले.

आपल्याकडे पुष्कळ लोक शिंजिराला पाहून "हमिंगबर्ड पाहिला" असे सांगतात. वस्तुतः हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन खंडांत व आसपासच्या बेटांवरच आढळतात. त्यांचे जवळचे नातेवाईक म्हणजे पाकोळ्या. शिंजीर हा चिमणी-कावळ्यांच्या मोठ्या गोतावळ्यातला. त्याचे कुळ आफ्रिका, आशिया आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले आहे. दोघांचे रक्ताचे नाते दूरचे, पण धंदा एकच : फुलातला मध चोखणे. एकाच धंद्यामुळे दोघांनाही बारीक चोच आणि लांब जीभ लाभली. सुताराच्या हाताला जसे घट्टे पडतात, मग तो सुतार कोठलाही असो, तसेच हे म्हणावयाचे.

मोडलेल्या घरट्याची भरपाई करावी, या हेतूने मी ती बाटली जास्वंदीपाशी टांगली. एक भाग साखर, चार भाग पाणी. रंग नाही, मध नाही. दोन्ही पाखरांना अपायकारक ठरू शकतात. पहिल्या दिवशी मुंग्या आल्या. दुसऱ्या दिवशी मधमाश्या. तिसऱ्या दिवशी खार उलटी लोंबकळून फुले कुरतडू लागली. शिंजीर काही येईना. दोन आठवड्यांनी कारण ध्यानात आले. ती बाटली हवेत तरंगणाऱ्या पाखरासाठी घडवलेली होती. शिंजीर क्षणभर तरंगतो खरा, पण निवांत जेवायचे तर त्याला बसायला फांदी लागते. मी बाटलीला डाळिंबाची एक काटकी आडवी बांधली. चौथ्या दिवशी नर येऊन तीवर बसला, इकडेतिकडे पाहिले आणि प्लास्टिकच्या फुलात चोच घातली. मी शाळेला उशिरा पोचले.

त्यानंतर वर्षभर मी त्या काटकीकडे पाहत आले आहे. ऋतूंनुसार तिच्यावरची वर्दळ बदलते. मे महिन्यात हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खेपा वाढतात. पण त्याच दिवसांत सकाळी भरलेले पाणी लवकर आंबते आणि त्याला वास येतो. म्हणून उन्हाळ्यात पाणी रोज बदलावे लागते, बाटली गरम पाण्याने आणि ब्रशाने धुवावी लागते. एकदा मी वसईला गेले आणि परतले तेव्हा बाटलीत काळी बुरशी धरली होती. पाहुण्याला जेवायला बोलावून शिळे वाढण्यासारखेच ते! ज्याला रोजचे धुणे जमणार नाही, त्याने बाटली टांगू नये, हे मी तेव्हापासून सर्वांना सांगते.

पावसाळ्यात गर्दी ओसरली. सप्टेंबरात माझ्या मनाने घेतले की नर परगावी गेला. सगळ्या माद्याच दिसत होत्या. एके दिवशी त्यांपैकी एकीच्या हनुवटीपासून पोटापर्यंत काळी रेघ दिसली. पुस्तक उघडले आणि माझे मलाच हसू आले. विणीचा हंगाम सरला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला भरजरी पोशाख उतरवतो आणि मादीसारखा तपकिरी-पिवळा होतो. गळ्याखालची काळी रेघ तेवढी ओळख म्हणून राहते. पुढे थंडीत त्याच्या अंगावर जागोजागी काळेनिळे ठिपके उमटू लागतात. जानेवारीत तो अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखा दिसतो आणि पळस फुलण्याच्या सुमारास पुन्हा नखशिखांत नटून शेवग्याच्या शेंड्यावर गाऊ लागतो. त्या दिवसांत तो बाटलीकडे ढुंकूनही पाहत नाही. शेवगा फुललेला, पांगारा फुललेला. ताजे पक्वान्न असता साखरपाणी कोण पिणार! आणि हे जेवण फुकटचे नव्हे. पळसाच्या फुलांचे परागीकरण करणाऱ्यांत जांभळा शिंजीर प्रमुख आहे. मध पिताना त्याच्या डोक्याला लागलेले पराग पुढच्या फुलाला पोचतात.

आता तारेवरच्या बिऱ्हाडाकडे येते. गेल्या वर्षी मार्चच्या आरंभी मादी पत्र्याखालच्या कोपऱ्यात घिरट्या घालताना दिसली. त्या प्रसंगानंतर मी तो कोपरा झाडला नव्हता. ती कोळ्याच्या जाळ्याचे तंतू चोचीने ओढून काढी आणि तारेच्या टोकाशी नेऊन गुंडाळी. त्या चिकट धाग्यांत गवत, सालींचे कपटे, अळ्यांची विष्ठा, कागदाचा तुकडा असे काय काय ती अडकवत गेली. दहाएक दिवसांत लांबट थैली तयार झाली; बाजूला दार आणि दारावर पावसापुरती पडवीसुद्धा. आत मऊ कापूस. सगळे काम मादीचे. नर जवळ बसून गाणी म्हणे. आई म्हणाली, "घराघरातून हेच!"

अंडी उबवण्याचे कामही तिचेच. पिले निघाल्यावर मात्र नर कामाला लागला. मी दुरून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत असे. दोघांच्या चोचींत मला जे दिसे ते कोळी, बारीक अळ्या आणि किडे. माझी साखरेची बाटली तेथून सहा हातांवर होती. तिच्यातल्या पाण्याने मोठ्यांची तहान भागते, अंगात तरतरी येते. पण पिलांची हाडे आणि पिसे त्यावर वाढत नाहीत. त्यासाठी किडेच हवेत. तेव्हा मला उमगले की मी भरपाई म्हणून जे देत होते, ते त्यांच्या फारसे उपयोगाचे नव्हते. आणि ज्याला मी केर समजून झाडले होते, त्या जाळ्यातच त्यांच्या भिंतीचा चुना होता आणि त्याच कोळ्यांत लेकरांचे अन्न होते. एप्रिलमधल्या एका सकाळी दोन पिले तारेवर शेजारी शेजारी बसलेली दिसली. संध्याकाळी थैली रिकामी होती.

पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३१-३२ साली तत्कालीन हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली होती. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावरचा पिवळा डाग निराळा वाटला म्हणून ती ओळखून घेण्यासाठी ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तेथून त्यांचा पक्ष्यांचा अभ्यास सुरू झाला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राला त्यांनी त्या चिमणीवरूनच नाव दिले. थोरांशी आपली तुलना करू नये. परंतु हातून मेलेल्या पाखराचे नाव विचारण्यापासून आरंभ करता येतो, एवढा धीर मला त्या गोष्टीने दिला.

आमच्या गल्लीत आता बैठी घरे थोडी उरली आहेत. मागच्या पावसाळ्यात समोरचा वाडा पाडला. त्याबरोबर मोठा शेवगा आणि केळीचे बन गेले. तेथे पाच मजली इमारत उभी राहते आहे. आमच्या घरालाही विचारणा होते. भाऊ म्हणतो, "ताई, आईचं वय झालं, जिना नको, लिफ्ट असलेली जागा बरी." त्याचे म्हणणे खोटे नाही. परसाचे काय करायचे, याचा निर्णय आम्ही अजून घेतलेला नाही. आई त्या विषयावर बोलत नाही. रोज सकाळी बाटली मात्र तीच धुते.

उद्या आम्हीही तिसऱ्या मजल्यावर राहावयास गेलो, तर काय करायचे ते मी ठरवून ठेवले आहे. गॅलरीत जास्वंदीची आणि कर्दळीची मोठी कुंडी ठेवीन, तिच्यावर कीडनाशक मारणार नाही आणि वरचा एक कोपरा न झाडता सोडीन. इमारतीच्या आवारात शेवग्याला जागा मागेन. श्रोतेहो, आपल्यालाही बाटली टांगावीशी वाटली तर अवश्य टांगावी, पण रोज धुवावी. आणि सणाच्या आधी हाती केरसुणी घ्याल, तेव्हा जाळ्यात लोंबणारी कचऱ्याची गुंडी दिसली, तर घटकाभर थांबून पाहावे. तिला बाजूने दार असेल, तर त्या घराची झाडलोट महिनाभर पुढे ढकलावी. पाहुण्यांना कारण सांगावे. ते रागावणार नाहीत.

यंदाही पत्र्याखालचा आमचा कोपरा तसाच आहे.