पुराचे शास्त्र आणि आपली बोली



बुद्धवचने छांदस भाषेत घालावीत, अशी सूचना दोन भिक्खूंनी केली तेव्हा तथागतांनी ती नाकारली आणि धम्म आपापल्या बोलीत शिकण्याची अनुज्ञा दिली. समजणे हा श्रोत्याचा अधिकार आहे, असा याचा अर्थ.

हाच अधिकार आज विज्ञानाच्या बाबतीत मागावयाचा आहे. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराड येथे कृष्णेस मिळून सांगलीस येते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० व धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. 'विसर्ग ५०,००० क्युसेक' एवढे पत्रक अभियंत्यास पुरते. नदीकाठच्या वस्तीतील मातेस त्यातून काय उमजावे?

येथे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन उपयोगी पडते. मूळ पत्रक देऊन 'आजीस समजेल असे लिही' म्हटले, तर एक क्युसेक म्हणजे सेकंदास एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी, असे ते उलगडून सांगेल. महाविद्यालयीन मुलासाठी तेच निराळ्या रीतीने मांडील. परंतु यंत्र हा नदीकाठचा साक्षीदार नव्हे. शब्दास शब्द जोडताना ते ४५ चे ५४ करील, 'शक्यता आहे' याचे 'होणारच' करील. वाचकानुसार भाषा बदलावी. आकडा, वेळ, स्थळ आणि शक्यता मात्र बदलता कामा नये. न्यायालयात नकलेपेक्षा मूळ दस्तऐवज श्रेष्ठ मानतात. घरीही एकाने मूळ पत्रक वाचावे, दुसऱ्याने यंत्राचा मजकूर त्याशी ताडून पाहावा आणि मुळात नसलेले ते खोडावे.

यंत्र हाती आले म्हणून शासनाचे कर्तव्य सरत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(४) प्रमाणे स्थानिक भाषा व त्या भागातील सर्वांत परिणामकारक पद्धत लक्षात घेऊन माहिती प्रसृत केली पाहिजे. तेव्हा पावसाळ्यापूर्वी प्रत्येक वस्तीने लेखी विचारावे: पुलापाशी किती फूट पाणी झाले म्हणजे ते आमच्या दारी येते?

धम्मदीक्षेने आपण पोथीपुढे मान तुकविणे सोडले. ती यंत्रापुढेही तुकवू नये. पारखून घ्यावे, मग स्वीकारावे.

नमो बुद्धाय! जय भीम!