दिंडीच्या वहीतलं एक पान



आपली दिंडी शंभर वर्षांची झाली. वहीत आपण नावं लिहिली, भिशीचा हिशोब लिहिला, तंबू कुणाला कोणता तेही लिहिलं. आता त्याच वहीत आजाराचंही एक पान असू द्या, एवढंच सांगायला आम्ही उभे आहोत.

जुन्या वारकऱ्यांना पटकी ठाऊक होती. पंढरीला जायचं तर सुई टोचून घ्यावी लागे. पटकीचे जंतू दूषित पाण्यातून पोटात जातात. कधी काही तासांत, कधी पाच दिवसांनी जुलाब लागतात. म्हणजे पाणी प्यायलं सासवडला आणि माणूस आडवा झाला लोणंदला! मग दोष कुठल्या पाण्याला द्यायचा? १८५४ साली लंडनमध्ये डॉक्टर जॉन स्नो यांनी पटकीने गेलेल्यांची घरं नकाशावर मांडली. बहुतेक एकाच पंपाभोवतीची निघाली. पंपाचा दांडा काढून टाकला. लिहून ठेवण्याची ताकद ती ही.

म्हणून रोज मुक्कामी विचारायचं : जुलाब, उलटी, ताप कुणाला? गेल्या चार-पाच दिवसांत पाणी कुठलं प्यायलं? एकच जागा तिघांच्या तोंडी आली, की आरोग्य पथकाला लगेच कळवायचं. आजाऱ्याला एक लिटर शुद्ध पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून पाजत राहायचं, आणि दवाखाना गाठायचा.

पण माणसं आजार लपवतात. गाडीत बसवून घरी धाडतील, वारी चुकेल, ही धास्ती. माऊली, २०२० आणि २०२१ साली पादुकाच एसटीने पंढरीला गेल्या. आपण घरी थांबलो, म्हणून वारी मोडली नाही. तेव्हा जो आजार सांगेल त्याची रांगेतली जागा राखून ठेवायची, हे आज विणेकऱ्यांसमोर ठरवू या.

आणि निघण्याआधी खारघरच्या घराकडे बघा. गावठाण असो की सेक्टरातला टॉवर, आपण वीस दिवस दाराला कुलूप लावतो. पिंपातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या अंड्याचा डास आठ-दहा दिवसांत होतो. पिंप, कुंडीखालच्या बशा रिकाम्या करा. अंडी कडेला चिकटतात, म्हणून घासून पालथ्या घाला. आपण पांडुरंगाच्या पायाशी आणि शेजारचं लेकरू तापाने फणफणलेलं, असं होता कामा नये.

राम कृष्ण हरी!