खेळाचे साधन, हाताला आधार

(वार्षिक सर्वसाधारण सभेत व्यवसायोपचार विभागातर्फे केलेले निवेदन)



संगणकावर खेळ खेळण्याच्या साधनांवर रुग्णालयाने खर्च का करावा, असा प्रश्न गेल्या सभेत एका देणगीदारांनी विचारला होता. प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

आंब्याच्या झाडावरून पडून मानेतील मज्जारज्जूला इजा झालेला एक तरुण आमच्याकडे उपचार घेत होता. त्याला कोपर दुमडता येई, मनगट उचलता येई. बोटे मात्र निश्चल होती. अपघातापूर्वी तो पतपेढीत हिशेब लिहीत असे. आता कळफलक आणि माऊस दोन्ही त्याला परके झाले होते. बँकेच्या खात्याचा पासवर्डदेखील आईला सांगून तिच्याकडून टाइप करून घ्यावा लागे. त्याचे त्याला फार वाटे.

खेळाच्या कंट्रोलरवरील छोटी दांडी अल्पशा रेट्याने कलते. कंट्रोलर यूएसबीने संगणकाला जोडला की अँटिमायक्रोएक्ससारखी मोफत प्रणाली दांडीच्या हालचालीने पडद्यावरचा बाण फिरवते आणि बटण दाबताच क्लिक करते. पडद्यावर उमटणारा कळफलक विंडोजमध्ये असतोच. तरीही आमचा पहिला प्रयत्न फसला. कारण कंट्रोलर घडवलेला असतो तो दोन्ही हातांनी धरण्यासाठी, आणि इथे तर पकडच नव्हती.

तेव्हा आमच्या तंत्रज्ञांनी एक जुना कंट्रोलर उघडून लाकडी फळीवर घट्ट बसवला आणि दांडीवर रबरी चेंडू चढवला. एका बटणाच्या दोन्ही टोकांना तारा डाखून त्या कोपराजवळच्या मोठ्या स्विचला जोडल्या. हात नुसता टेकल्याने बाण सरकू नये, म्हणून दांडीची अगदी बारीक हालचाल प्रणालीने सोडून द्यावी, अशी योजना केली. बाजारात तयार साधनेही आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये आणलेल्या एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलरच्या मागे १९ जोडण्या आहेत. पाय, कोपर वा हनुवटीने दाबायचे स्विच त्यांत लावता येतात.

सरावानंतर त्या तरुणाने स्वतःहून केलेले पहिले काम म्हणजे पासवर्ड बदलणे. आई शेजारीच उभी होती. तिने नवा पासवर्ड विचारला नाही. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

एक अपयशही सांगणे आवश्यक आहे. अशीच फळी घरी नेलेल्या दुसऱ्या एका रुग्णाकडे ती कित्येक महिने कपाटावर पडून राहिली. आमच्या टेबलाची उंची आणि त्यांच्या घरच्या खाटेची उंची निराळी होती, आणि ते पाहण्यास आमच्यापैकी कोणीही गेले नव्हते. हा दोष सर्वस्वी आमचा.

म्हणून आमची विनंती अशी, की घरात पडून असलेले कंट्रोलर अवश्य द्यावेत. परंतु व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या गृहभेटींसाठी आपले साहाय्य त्याहून अधिक मोलाचे ठरेल. साधन एकदाच विकत घेता येते. ते माणसाच्या शरीराला, त्याच्या घराला जुळवून द्यायला मात्र पुनःपुन्हा जावे लागते.