प्रांगणातील वृक्ष : निवड, लागवड आणि विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाचे औचित्य साधून मंदिर, धर्मशाळा व पाठशाळा यांच्या सभोवतीच्या मोकळ्या जागेत शोभेचे वृक्ष आणि फुलझुडपे लावण्याचा संकल्प विश्वस्त मंडळाने केला आहे. त्या संकल्पाच्या निमित्ताने आपणांशी संवाद साधण्याची संधी मला मिळाली, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

वृक्षारोपणाविषयी उत्साहाने बोलले जाते. निवडीविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आपल्या परंपरेत वनस्पती ही केवळ शोभेची वस्तू नाही. वनस्पतिकाय हा एकेंद्रिय जीव होय, हे पाठशाळेतील लहान मूलही जाणते. बाग करणे म्हणजे जमीन खणणे, पाणी घालणे, छाटणी करणे. म्हणजेच गृहस्थाच्या वाट्याला येणारा आरंभ. तो सर्वथा टाळता येत नसला तरी विवेकाने अल्प करता येतो. चुकीच्या जागी लावलेले झाड दहा-पंधरा वर्षांनी भिंतीला तडा देते, विजेच्या तारांत शिरते, आणि मग ज्या हातांनी ते लावले त्याच हातांना त्यावर कुऱ्हाड चालवावी लागते. त्या वेळेपर्यंत त्या झाडावर घरटी झालेली असतात, खोडात आणि मुळांत असंख्य जीव वसलेले असतात. म्हणून माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, जे झाड आपल्याला कधीही तोडावे लागणार नाही, तेच झाड आज लावावे. निवडीचे बाकी सर्व नियम यातूनच निघतात.

प्रथम विचार आकाराचा. रोपवाटिकेतील पिशवीत सर्व रोपे सारखीच दिसतात. वडाचे रोप आणि तगरीचे रोप यांत हातभराचाही फरक नसतो. वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष हे विशाल वृक्ष इमारतीजवळ लावू नयेत. त्यांना विस्तीर्ण मोकळी जागा हवी. ती जागा असेल तर मात्र वडासारखा वृक्ष नाही. भगवान ऋषभदेवांना केवलज्ञान झाले ते वटवृक्षाखाली, ही परंपरा आपल्याला ज्ञात आहेच. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे पंच-उदुंबरांत येत असल्याने श्रावकाला वर्ज्य आहेत. त्या फळांत सूक्ष्म कीटकांची वस्ती असते, हे वनस्पतिशास्त्रही सांगते. त्या कीटकांवाचून या वृक्षांचे परागीभवनच होत नाही. मात्र फळ वर्ज्य म्हणून वृक्ष वर्ज्य ठरत नाही. कित्येक पक्ष्यांचे आणि वटवाघळांचे ते अन्नछत्रच आहे.

ताम्हण, बहावा, सोनचाफा, बकुळ, सीता अशोक अशा मध्यम वृक्षांना भिंतीपासून किमान १५ फुटांचे अंतर ठेवावे. पारिजातक, कांचन यांसारख्या लहान वृक्षांना ८ ते १० फूट पुरतात, तर झुडपांमध्ये परस्परांत ४ ते ५ फूट अंतर असावे. पहिली तीन वर्षे बाग विरळ दिसेल. त्या विरळपणाला घाबरून मध्ये आणखी रोपे कोंबण्याचा मोह होतो, आणि पुढील सर्व तोडीचे मूळ तेथेच असते.

अनेक ठिकाणी चोवीस तीर्थंकरांच्या चोवीस केवलवृक्षांची वाटिका करण्याची इच्छा व्यक्त होते. कल्पना सुंदर आहे. परंतु जागेचा हिशेब आधी करावा. प्रत्येक वृक्षाला सरासरी १० मीटर लांब व १० मीटर रुंद जागा धरली तरी २४ वृक्षांना २,४०० चौरस मीटर, म्हणजे अर्ध्या एकराहून अधिक क्षेत्र लागते. शिवाय हवामानाचाही प्रश्न आहे. भगवान महावीरांना ऋजुकूला नदीच्या तीरी ज्या शाल वृक्षाखाली केवलज्ञान झाले, तो शाल मुख्यतः छत्तीसगड, झारखंड आणि हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यातील वनांचा वृक्ष आहे. आपल्या कोरड्या, काळ्या जमिनीत तो सहजी रुजत नाही. हट्टाने लावून तो वाळत जाताना पाहण्यापेक्षा त्याचे चित्र व माहिती पाठशाळेच्या भिंतीवर लावणे अधिक उचित ठरेल.

आता अशोकाविषयी. अष्ट महाप्रातिहार्यांतील पहिले प्रातिहार्य अशोकवृक्ष. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक मंदिराच्या आवारात अशोक लावलेला आढळतो. दुर्दैवाने तो बहुधा अशोक नसतोच. सरळसोट उंच वाढणारा, लांब नागमोडी काठांच्या पानांचा जो वृक्ष रांगेने लावला जातो, तो आसुपालव किंवा हिरवा अशोक. त्याची फुले हिरवट असून पानांत लपून जातात. खरा अशोक तो सीता अशोक. त्याची कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती असते. वसंत ऋतूत जुन्या फांद्यांवर नारिंगी फुलांचे घोस येतात आणि ते हळूहळू लाल होत जातात. सालीसाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे हा वृक्ष रानातून कमी होत गेला असून जागतिक पातळीवर त्याची गणना असुरक्षित जातींत केली जाते. तो सावकाश वाढतो. त्याला अर्धवट सावली आणि ओलावा मानवतो. म्हणून मंदिराच्या पूर्वेस किंवा उत्तरेस, जेथे दुपारचे ऊन थेट पोहोचत नाही, तेथे त्याला स्थान द्यावे. रोप घेताना नुसते ‘अशोक’ न म्हणता ‘सीता अशोक’ असे सांगावे आणि पान पाहूनच घ्यावे. ज्या वृक्षाचे नाव आपण स्तुतीत घेतो, तो आपल्या मुलांनी प्रत्यक्ष पाहिलेला असावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

फुलांच्या सौंदर्यासाठी गुलमोहर सर्वांना आवडतो. तो मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि पसरणारी; पावसाळी वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात, कधी संपूर्ण झाड उन्मळते. जेथे मुले खेळतात वा वाहने उभी राहतात तेथे तो नको. त्याच ऋतूत फुलणारे दोन देशी वृक्ष आपल्याकडे आहेत. पिवळ्या झुंबरांचा बहावा आणि जांभळ्या तुऱ्यांचा ताम्हण. ताम्हणाचे फूल हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आहे. अलीकडे झटपट हिरवी भिंत उभी करण्यासाठी कोनोकार्पस नावाचे परदेशी झाड सर्रास लावले गेले. पर्यावरणाला व आरोग्याला होणाऱ्या उपद्रवाच्या कारणास्तव गुजरात शासनाने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. शोभेसाठी आणलेली वनस्पती आवाराबाहेर पडून किती पसरते याचे जुने उदाहरण म्हणजे घाणेरी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झुडूप म्हणून आली. आज देशभरातील रानांत तिने मूळ झुडपांची जागा बळकावली आहे.

आपल्या प्रांगणाला एक विशेष विचार आवश्यक आहे, जो सार्वजनिक उद्यानाला नसतो. येथे त्यागी-व्रती आणि साधु-साध्वी यांचे वास्तव्य होते. ईर्यासमिती पाळून, भूमी निरखत ते चालतात आणि हिरवळीवर पाय ठेवत नाहीत. म्हणून प्रवचन-सभागृह, वसतिका आणि मंदिर यांना जोडणारा मार्ग रुंद, कोरडा आणि तृणविरहित असावा. त्या मार्गावर जांभळासारखे फळ गाळणारे झाड नसावे. सडलेल्या फळांवर मुंग्या आणि माश्या जमतात. पारिजातक आणि बकुळ यांचा सडा मनोहर असला तरी तो वाटेवर पडला तर पायाखाली येतो. हे दोन्ही वृक्ष वाटेपासून दूर, कुंपणाच्या कोपऱ्यात लावावेत. पूजेत फुले वाहण्याविषयी आपल्यातील परंपरा भिन्न आहेत; त्या चर्चेत मी शिरत नाही. मात्र ज्यांना फूल तोडणे नको वाटते, त्यांना ही झाडे आपणहून फुले देतात आणि बकुळीचा गंध तर फूल सुकल्यावरही टिकतो.

पाठशाळेजवळ विषारी झुडपे टाळावीत. कण्हेर आणि पिवळी कण्हेर दिसण्यास सुंदर आणि काटक. परंतु त्यांचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुले फळ-पान तोंडात घालतात, हे लक्षात घ्यावे. सप्तपर्णी रस्तोरस्ती दिसते. पावसाळा सरल्यावर फुलणाऱ्या तिच्या फुलांचा उग्र गंध अनेकांना सहन होत नाही. धर्मशाळेच्या खिडक्यांशेजारी ती नको.

झुडपांत जास्वंद, तगर, अनंत, कुंती, मोगरा, पेंटगूळ यांचा विचार करावा. सह्याद्रीच्या उतारांवर वाढणारी धायटीही लावण्याजोगी आहे. तिच्या लाल फुलांतील मधासाठी शिंजीर पक्षी येतात. कात्रीने सतत चौकोनी-गोलाकार कापावे लागणारे कुंपण करण्याऐवजी, ज्याचे स्वाभाविक आकारमानच आपल्याला हवे तेवढे आहे असे झुडूप निवडावे. गुलाबाचे ताटवे वारंवार कीटकनाशकाची फवारणी मागतात आणि विस्तीर्ण हिरवळ रोजचे पाणी व कापणी मागते. अहिंसेच्या प्रांगणात या दोहोंना मर्यादित स्थान असावे, असे मला नम्रपणे वाटते.

आता प्रत्यक्ष लागवडीकडे वळू. पावसाळ्यात भूमी जीवजंतूंनी गजबजलेली असते. कोरड्या उन्हाळ्यात वरच्या थरात त्यांचा वावर त्या मानाने कमी असतो. म्हणून खोदाई चैत्र-वैशाखातच उरकावी. वृक्षासाठी ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट खोल आणि झुडपासाठी दीड ते दोन फुटांचा खड्डा पुरे. उघडा खड्डा रिकामा ठेवू नये; त्यात लहान प्राणी पडतात. वरची सुपीक माती आणि पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून तो पावसाआधी भरून घ्यावा. कच्च्या शेणखतात हुमणीच्या अळ्या असतात. ते वापरू नये. निंबोळी पेंडीची दोन ओंजळी घातल्यास वाळवी दूर राहते. काळ्या चिकण मातीत पाणी साचते. तेथे थोडा मुरूम मिसळावा. सोनचाफ्याला तर साचलेले पाणी मुळीच चालत नाही.

आर्द्रा नक्षत्राचा पाऊस चांगला झाला की चातुर्मासाच्या आधी लागवड पूर्ण करावी. प्लास्टिकची पिशवी पूर्ण कापून काढावी. पिशवीत गोल फिरलेली मुळे हलकेच मोकळी करावीत. रोप पिशवीत ज्या पातळीपर्यंत मातीत होते, त्याच पातळीवर लावावे. खोड मातीत गाडले तर ते कुजते. आधाराला बांबू द्यावा, पण गाठ सैल ठेवावी. बुंध्याभोवती वाळक्या पानांचे आच्छादन करावे, पण ते खोडाला चिकटू देऊ नये. सोनचाफ्याचे कलम एक-दोन वर्षांत फुलते, तर बियांपासून केलेल्या रोपाला कित्येक वर्षे लागतात. रोप घेताना हे विचारून घ्यावे.

लागवडीच्या दिवशी छायाचित्रे निघतात. झाड जगते ते पुढील तीन उन्हाळ्यांवर. म्हणून प्रत्येक झाडाची जबाबदारी एकेका कुटुंबाने तीन वर्षांसाठी स्वीकारावी, अशी माझी सूचना आहे. जितक्या झाडांना कुटुंबे मिळतील, तितकीच झाडे लावावीत. पुढे खोड जाड झाले की लोखंडी जाळी वेळीच काढावी, नाहीतर ती खोडात रुतते. आवारात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्याभोवती चहूबाजूंनी किमान १ मीटर माती मोकळी ठेवावी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील वृक्षांबाबत असाच आदेश दिला होता. महोत्सवाच्या रोषणाईसाठी खोडात खिळे ठोकू नयेत.

शेवटी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. २०२१ च्या सुधारणेने त्यात ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा-वृक्षाचा दर्जा दिला. आपल्या संस्थेला आज ५० वर्षे पूर्ण होत आहेत. तेव्हा नवीन रोपे आणण्यापूर्वी आवारातील जुन्या झाडांची नोंद करावी, त्यांच्या बुंध्यांभोवतीचे सिमेंट काढावे आणि नव्या बागेचा आराखडा त्यांच्याभोवती करावा. संस्थेच्या संस्थापकांच्या काळातील झाड आजही उभे असेल, तर नव्या बांधकामात ते आड येते म्हणून तोडण्याऐवजी बांधकामाची रेषा दोन हात सरकवावी. आज लावलेला सीता अशोकही शतकमहोत्सवाच्या वेळी त्याच दर्जाचा होईल. त्या दिवशी तो सुखरूप उभा असावा, हे मात्र या वर्षी आपण त्याला कोणती जागा देतो यावर अवलंबून आहे.